पंचनामा, पाहणी की ऑडिट? घरात परत जाण्याआधी

पूर ओसरला, घर उभं आहे, तलाठी पंचनामा करून गेले. आता भांडीकुंडी आत न्यायची का? नुसत्या पंचनाम्याच्या भरवशावर तरी नको.

पंचनामा असतो मदतीसाठी. आपत्ती निधीच्या निकषांत 'अंशतः पडझड' धरायला किमान 15 टक्के नुकसान लागतं. त्यामुळे पत्रे उडालेलं पण भिंती खणखणीत असलेलं घर यादीत येतं, आणि एकाच कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत फाटलेलं घर सुटू शकतं. पैशासाठी तो करून घ्याच. राहण्याजोगं घर आहे का, हे त्यात कुणी लिहीत नाही.

उरतात दोन: इंजिनिअरची नजरपाहणी आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे उपकरणांनी केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी.

दगडमातीच्या घराला मी पाहणीच सुचवेन. ऑडिटमधला रिबाउंड हॅमर काँक्रीट जोखतो, दगडांमधल्या मातीच्या सांध्यांपुढे तो काय करणार? 1993 साली किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या घरांच्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या. पण आतला आणि बाहेरचा थर बांधणारे आडवे दगड नव्हते, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. हे डोळ्यांनाच कळतं. भिंतीच्या टोकाशी उभं राहून लांबीने नजर टाका: पोट आलंय का? शंका वाटली तर ओळंबा सोडा. भिजलेली मातीची भिंत पाणी उतरल्यानंतरही बसते, म्हणून पहिल्या दिवशी 'ठीक' म्हटलं तरी आठवड्याने पुन्हा बोलवा.

आरसीसी इमारतीत पाहणी अपुरी. विटांची भरावाची भिंत तडकली तर धोका सहसा त्या भिंतीपुरता. खांबाला किंवा खांब-तुळईच्या सांध्याला तिरपी चीर गेली असेल तर आधी बाहेर या, मग ऑडिट. गिलाव्याआड काय आहे ते अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) आणि कोअर (काँक्रीटचा तुकडा कापून केलेल्या) चाचणीतच कळतं. खर्च आणि वेळ दोन्ही जातात. अहवालात नुसतं 'दुरुस्ती आवश्यक' लिहिलं असेल तर परत पाठवा. मुंबईत वर्गच ठरलेले आहेत: सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम.

निर्णय होईपर्यंत मुक्काम पाहुण्यांकडे. जाताना इंजिनिअरला विचारून भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवून घ्या, शेजारी तारीख लिहा. काच तडकली, तर भेग अजून वाढतेय.