लॅब चांगली, काउंटरवरची मुलगी त्याहून चांगली, पण काउंटर एकच

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला एक पॅथॉलॉजी लॅब आहे, नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे कळेल. आईची फास्टिंग (उपाशीपोटी) आणि पीपी (खाल्ल्यानंतरची) शुगर करायला गेल्या महिन्यात तीनदा जाणं झालं. रक्त घेणाऱ्या भाऊंचा हात एकदम हलका, आईची शीर कुणाला पटकन सापडत नाही, यांना पहिल्याच टोचणीत सापडली. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. इथपर्यंत काही तक्रार नाही.

गडबड आहे ती बाहेरच्या काउंटरची. सकाळी सात ते साडेनऊ तिथे एकच मुलगी, आणि नाव-वय लिहून घेणं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचणं, बिल, पैसे, कालचे रिपोर्ट शोधून देणं, वर फोन, सगळं तिच्याच गळ्यात. लाइनीत उभे सगळे रात्रीपासून उपाशी, त्यातले अर्धे डायबेटिसवाले. अशा माणसाला अर्धा तास उभं केलं तर तो काय गोड बोलणार!

मी स्वतः अलकापुरीत एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कला दोन वर्षं काढलीत, चेक-इन पण मीच, कॅश पण मीच, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिच्या हातांकडे. पाचशेची नोट आली की ती मोठ्याने "पाचशे" म्हणते, नोट गल्ल्यात टाकत नाही, वर आडवी ठेवते, उरलेले पैसे मोजून समोरच्याच्या हातात दिले की मगच आत. मागचे लोक म्हणतात किती वेळ लावते. पण "मी पाचशेची दिली होती, दोनशेची नव्हे" हे भांडण एकदा अंगावर आलं ना, की ही सवय आपोआप लागते, मला लागली होती. आणि पैसे मोजताना फोन वाजला तर ती वाजू देते. बरोबर करते, फोनवाला चिडला तर चिडला, हिशोब रात्री तिलाच जुळवायचाय.

दुसऱ्या खेपेला एका काकांनी पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे कटल्याचा मेसेज आला पण पैसे आले की बोलणारा काउंटरवरचा बॉक्स गप्प. काका तापलेच, "पैसा तो कपाई गया!" तिने आवाज न चढवता गुजरातीत समजावलं, पेंडिंग दाखवतंय, लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका, आधी सॅम्पल देऊन या, पैशाचं नंतर बघू. मला हे फार आवडलं, उपाशी माणसाला आधी आत पाठवलं. (दुकानदारापर्यंत न पोचलेले असे यूपीआयचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, पुढे रोजचे १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, पण लाइनीत उभं असताना कुणाला आठवतो.) आणि त्याच दमात आमच्या आईला मराठीत, "आजी, तुम्ही बसा हं, मी हाक मारते."

तिसऱ्यांदा पीपीला गेलो तेव्हा अकरा वाजून गेलेले, गर्दी नव्हती, म्हणून सहज विचारलं, रोज टॅली होतं का गं? हसली. "कमी पडले तर मी भरते ताई, जास्त आले तर लॅबचे." नाव लिहीत नाही ते यासाठीच, उगीच तिच्यावर यायचं. आमच्या हॉटेलात पण हेच होतं, एका दिवाळीच्या गर्दीत ७०० रुपये शॉर्ट आले ते माझ्या पगारातून गेले, कोणी एक शब्द विचारला नाही. खरं तर १९३६ च्या वेतन कायद्यातच होतं की असे पैसे कापायचे तर ते त्या माणसाच्या हलगर्जीमुळे गेलेले पाहिजेत आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. तीन कामं एकदम करायला लावून मग हलगर्जी कुणाची म्हणायची?

मालक वाचत असतील तर सकाळचे अडीच तास रिपोर्ट आणि फोनला एक माणूस वेगळा बसवा, तिला बिल आणि पैसे एवढंच राहू द्या. सॅम्पलला पाच स्टार, त्या मुलीला पण पाच, व्यवस्थेला दोन, ते पण एसी चालू असतो म्हणून.

जाणार असाल तर सुट्टे घेऊन जा, आणि जुना रिपोर्ट घ्यायचा असेल तर सकाळी उपाशी लोकांच्या लाइनीत घुसू नका, अकरानंतर जा.