काळ्या मातीवरचे घर भेगाळले तर: भेग भरावी, पाणी वळवावे की पाया खोल न्यावा?

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगरच्या पट्ट्यात काळ्या मातीवर बांधलेल्या बैठ्या घरांना पडणाऱ्या भेगा बरीच वर्षे एकाच चालीने वागतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जोत्याकडे उतरते, उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात बरीचशी मिटते. रंगकाम मात्र दिवाळीच्या तोंडावर निघते, म्हणजे नेमके भेग मिटलेली असते तेव्हा. तिच्यात पुट्टी भरली जाते, वरून रंग बसतो आणि एप्रिल-मेमध्ये तीच भेग त्याच जागी पुन्हा उघडते. या टप्प्यावर घरमालकापुढे साधारण तीन प्रकारचे सल्ले येतात. गवंडी म्हणतो भेग कोरून पक्की भरू, ठेकेदार म्हणतो पायाखाली नवा पाया घालू आणि एखादा अनुभवी अभियंता म्हणतो की आधी घराभोवतीचे पाणी बघू. हे तीनही उपाय आपापल्या जागी योग्य आहेत. प्रश्न कोणता आधी करावा आणि कोणता मुळीच करू नये, एवढाच आहे.

उपायांची तुलना करण्याआधी भेग खरोखर पायाची आहे का, हे पाहिले पाहिजे. आरसीसी कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर पडलेली सरळ उभी भेग बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या आकुंचन-प्रसरणाची असते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली धावणारी आडवी भेग ही उन्हाने तापून पसरणाऱ्या स्लॅबची असते. कोकणात आणि मुंबईत कॉलमच्या सळईला समांतर, तांबूस डाग घेऊन येणारी भेग गंजाची असते. या तिन्हींचा पायाशी संबंध नाही आणि त्यांसाठी पाया उकरणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. पायाची भेग सहसा तिरकी असते, दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांना जोडून असते, तिची रुंदी वर आणि खाली सारखी नसते, आणि तिच्यासोबत दार चौकटीत अडकणे किंवा फरशी एका बाजूला फुगणे अशी लक्षणे दिसतात. वरच्या बाजूला रुंद असलेली भेग म्हणजे भिंतीची टोके मधल्या भागाच्या मानाने खाली गेली आहेत. तळाशी रुंद असेल तर मधला भाग बसला आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

कारण मातीतच आहे. बसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते, जे पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. ऋतूंनुसार होणारी ही हालचाल आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत धरली जाते, तर जुन्या लोड बेअरिंग, म्हणजे कॉलमऐवजी भिंतींवरच भार असलेल्या, घरांचे पाये अनेकदा एक-सव्वा मीटरवरच थांबलेले असतात. शिवाय घराच्या मध्यभागाखालची माती वर्षभर बऱ्यापैकी ओलसर राहते, कारण तिथून बाष्पीभवन होत नाही. कडेची माती मात्र मे महिन्यात वाळते आणि ऑगस्टमध्ये फुगते. भिंती फाटतात त्या या असमान हालचालीने. सगळे घर एकसारखे वरखाली झाले असते तर कुणाच्या लक्षातही आले नसते.

माती किती फुगणारी आहे, हे तपासण्याची चाचणी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन नळकांड्यांत घालतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरतात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या उंचीच्या फरकावरून टक्केवारी काढतात. ती पन्नास टक्क्यांच्या वर गेली तर सावध व्हावे आणि शंभराच्या वर गेली तर पुढचा प्रत्येक निर्णय मातीचा विचार करूनच घ्यावा. मुरूम किती खोलीवर लागतो, हेही याच वेळी घराशेजारी एखादा खड्डा किंवा बोअर घेऊन पाहावे, कारण पुढे येणाऱ्या उपायांच्या तुलनेत सगळ्यात निर्णायक आकडा तोच ठरतो.

दुसरी तपासणी हालचालीची. भारतीय मानक ब्युरोच्या भेगांवरील १९८४ च्या हस्तपुस्तिकेत एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम आणि त्यापुढची रुंद मानली आहे. परंतु आठ वर्षे जागची न हललेली चार मिलिमीटरची भेग ही दर उन्हाळ्यात वाढणाऱ्या दीड मिलिमीटरच्या भेगेपेक्षा कमी काळजीची असते. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवून त्यांच्यातले अंतर दर महिन्याला व्हर्नियर कॅलिपरने मोजावे, भेगेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी आणि ही नोंद निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालू ठेवावी. घर कोसळण्याच्या बेतात नसेल तर ही वाट पाहणे परवडते. ठेकेदाराला घाई असते, मातीला नसते.

भेग भरणे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या वेळी केला जाणारा उपाय हा आहे. विटांच्या भिंतीतली थांबलेली भेग कोरून पॉलिमर मॉर्टारने भरणे, आतून पोकळी असेल तर सिमेंटचे ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, दाबाने सोडणे आणि गिलाव्याखाली भेगेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे जाणारी वेल्ड मेश, म्हणजे तारेची जाळी, बसवणे हे पुरेसे असते. इपॉक्सीचे, म्हणजे घट्ट होऊन चिकटणाऱ्या रेझिनचे, इंजेक्शन आरसीसीतल्या कोरड्या, न हलणाऱ्या भेगेसाठी उत्तम. हलत्या भेगेत ते भरले तर इपॉक्सी तुटत नाही, तिच्या शेजारचे काँक्रीट किंवा वीट तुटते. भिंत शिवण्याचा पर्याय, म्हणजे विटांमधले आडवे सांधे कोरून त्यांत भेगेच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा मीटर जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळया ग्राउटमध्ये बसवणे, हा भिंतीला ताण सहन करण्याची ताकद देतो, म्हणून किरकोळ उरलेल्या हालचालीसाठी तो नुसत्या भरण्यापेक्षा बरा आहे. पण यांपैकी एकही उपाय मातीला हात लावत नाही, हे विसरू नये.

पाणी वळवणे

माझ्या मते निम्म्याहून अधिक घरांत हाच उपाय आधी व्हायला हवा, आणि अडचण एवढीच की तो दिसायला मोठा नसल्याने कुणाला खर्च करावासा वाटत नाही. घराभोवती फिरून पाहिले तर कारणे एकामागून एक सापडतात: गच्चीचा पावसाळी पाइप थेट जोत्याच्या कोपऱ्यात सुटलेला, मोरीचे सांडपाणी भिंतीला खेटून असलेल्या शोषखड्ड्यात, जमिनीखालच्या नळाचा सांधा सुटलेला, आणि एकाच बाजूला रोज पाणी पिणारी फुलझाडांची रांग. यातून होते असे की घराची एक बाजू बारमाही ओली आणि दुसरी कोरडी राहते. शोषखड्डा किंवा पुनर्भरणाचा खड्डा स्वतः चांगलीच गोष्ट आहे, पण काळ्या मातीत तो पायापासून निदान तीन मीटर आणि जागा असेल तर त्याहून दूर हवा.

कामाचा मुख्य भाग म्हणजे घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीचे, बाहेर उतार असलेले प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्याला लागून केलेली फरसबंदी. त्याखालची वरची काळी माती काढून तिथे न फुगणारा चिकट मुरूम थराथराने दाबून भरावा. अशा न फुगणाऱ्या मातीच्या थराची कल्पना आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामांच्या निमित्ताने पुढे आणली आणि ती आज रूढ आहे. भिंत आणि फरसबंदी यांच्यामधला सांधा कडक सिमेंटने न भरता बिटुमेन किंवा लवचीक सीलंटने भरावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे फट पडून पाणी थेट पायाशी जाऊ लागते. उद्देश माती कोरडी ठेवण्याचा नसून तिचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा ठेवण्याचा आहे.

झाडांबाबत मात्र घाई करू नये. भिंतीजवळचे मोठे झाड माती वाळवते हे खरे, पण वीस वर्षांचा वड किंवा निलगिरी एका दिवसात तोडली की जी माती इतकी वर्षे कोरडी होती ती पाणी धरू लागते आणि कोपरा खाली जाण्याऐवजी वर येऊ लागतो. टप्प्याटप्प्याने छाटणी करणे अधिक सुरक्षित असते.

या उपायाची मर्यादा वेळेची आहे. परिणाम दिसायला एक-दोन ऋतू जातात, आणि पाया मुळातच अगदी उथळ किंवा मातीच्या भरावावर असेल तर नुसते पाणी वळवून भागत नाही.

पाया खोल नेणे

अंडरपिनिंग म्हणजे जुन्या पायाखालची माती टप्प्याटप्प्याने काढून कठीण मुरमापर्यंत काँक्रीट नेणे. एका वेळी साधारण एक ते सव्वा मीटर लांबीचाच भाग उघडायचा, त्याच्या शेजारचा भाग पहिल्याचे काँक्रीट घट्ट होईपर्यंत उघडायचा नाही, आणि जुना पाया व नवे काँक्रीट यांच्यामधली फट काँक्रीट आकसून झाल्यावर कोरड्या मॉर्टारने किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची. ही शेवटची पायरी वगळली तर बाकी सगळा खर्च वाया जातो, आणि घाईच्या कामात नेमकी तीच वगळली जाते.

मुरूम दोन-अडीच मीटरवर असेल तर हा उपाय खात्रीचा आहे. गोदावरीकाठी किंवा तापी-पूर्णेच्या खोल गाळाच्या पट्ट्यात मात्र एवढ्यावर मुरूम लागतच नाही. तिथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घेऊन आडव्या बीमने भिंत उचलून धरावी लागते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, खालच्या टोकाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल काळ्या मातीतल्या नव्या घरासाठी उत्कृष्ट आहेत. उभ्या घरात मात्र आतली फरशी फोडून यंत्र आत नेणे हेच एक मोठे काम होऊन बसते. बीम मातीवर टेकता कामा नये, त्याखाली आठ-दहा सेंटीमीटर पोकळी हवी, नाहीतर फुगणारी माती त्यालाच वर ढकलते.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे एकाच कोपऱ्याचे अंडरपिनिंग. तो कोपरा मुरमावर टेकून स्थिर होतो आणि उरलेले घर पूर्वीसारखेच दर ऋतूला वरखाली होते. काम उन्हाळ्यात झाले असेल तर कोपरा त्याच्या सर्वांत खालच्या पातळीवर कायमचा धरला जातो आणि पावसाळ्यात बाकीचे घर वर येताना नवी भेग जुन्या भेगेच्या शेजारीच पडते. म्हणून बाहेरच्या सगळ्या भिंती खोल न्यायची तयारी नसेल, आणि फक्त तेवढ्याच कोपऱ्याखाली जुनी विहीर किंवा खड्डा बुजवलेला असल्याचे स्पष्ट कारणही नसेल, तर या कामात पडू नये. आणखी एक गोष्ट दरपत्रकात कुठेच लिहिलेली नसते: पाया खोल गेला तरी आतली फरशी काळ्या मातीच्या भरावावर असेल तर ती फुगतच राहते, तिच्यासाठी भराव बदलण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

जमिनीत फोम किंवा रेझिन सोडून घर उचलण्याचा पर्याय मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. बसलेल्या भरावासाठी तो उपयोगी आहे, पण ऋतूनुसार फुगणाऱ्या मातीत आकसलेल्या अवस्थेत भरलेला फोम पावसाळ्यातल्या फुगण्यात भरच घालू शकतो, म्हणून आपल्या चर्चेतल्या घरासाठी मी तो मागेच ठेवेन. मातीच्या सांध्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींचे घर असेल, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ज्या प्रकारची घरे सर्वाधिक कोसळली तसे, तर पायावर मोठा खर्च करण्याआधी भिंतींच्या मजबुतीचा आणि गरज पडल्यास पुनर्बांधणीचाही हिशोब मांडावा.

निर्णयाचा क्रम त्यामुळे असा लागतो. भेग वर्षभर हलली नसेल तर ती भरून मोकळे व्हावे. दर ऋतूला उघडमीट होत असेल पण वाढत नसेल तर पाणी वळवून आणखी एक वर्ष मोजावे आणि भरण्याचे काम त्यानंतर करावे. दरवर्षी आधीपेक्षा जास्त उघडत असेल, पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल किंवा भिंत ओळंब्यातून बाहेर जात असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून पाया खोल नेण्याचा विचार करावा, आणि तोही पाण्याची कामे पूर्ण करूनच. ठेकेदाराकडून दरपत्रकासोबत मुरमाची खोली, एका वेळी उघडायच्या भागांची लांबी व क्रम, फट ठासण्याचे साहित्य आणि जून लागण्याआधी खड्डे बंद करण्याची तारीख लेखी मागावी. हे लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नये.