सुआरेझला ठेवायचं की विकायचं? लिव्हरपूलचा 2013 चा पेच

एप्रिल 2013. लिव्हरपूलच्या घरच्या अॅनफिल्ड मैदानावर त्यांचाच फुटबॉलपटू लुइस सुआरेझने चेल्सी संघाच्या इव्हानोविचच्या दंडाला चक्क चावा घेतला आणि त्याच सामन्यात भरपाई वेळेत बरोबरीचा गोलही केला. अख्खा सुआरेझ एका सामन्यात दिसला! शिक्षा झाली 10 सामन्यांची. त्याआधी मँचेस्टर युनायटेडच्या एव्हरावरच्या वर्णद्वेषी शेरेबाजीसाठी 8 सामने बाहेर बसून झालंच होतं.

विकणं सोपं होतं. आर्सेनलने 4 कोटी पौंडांवर आणखी एक पौंड चढवून बोली लावली होती, गड्यालाही जायचंच होतं. डोकेदुखी जाणार, पैसा येणार. गोम एवढीच की गिऱ्हाईक त्याच इंग्लिश प्रीमियर लीगमधलं. आपली तोफ शेजाऱ्याच्या बुरुजावर कोण चढवून देतं?

ठेवलं तर रुसलेला खेळाडू गळ्यात. मध्यंतरी त्याला संघापासून वेगळा सराव करायला लावण्यापर्यंत वेळ आली. पण लिव्हरपूलने ताणून धरलं. बंदीमुळे लीगचे पहिले 5 सामने हुकूनही पठ्ठ्याने 33 सामन्यांत 31 गोल ठोकले, तेही एकही पेनल्टी न मारता. लीग जिंकलेल्या मँचेस्टर सिटीपेक्षा लिव्हरपूलला फक्त 2 गुण कमी पडले. मग 2014 च्या वर्ल्डकपमध्ये तो इटलीच्या किएलिनीला चावला, तरी बार्सिलोनाने सुमारे साडेसहा कोटी पौंड मोजले.

माझं मत ठेवण्याच्या बाजूने, पण हा हिशेब मैदानापुरता. एव्हरा प्रकरणात सहकाऱ्यांनी त्याच्या छायाचित्राचे टी-शर्ट घालून केलेली पाठराखण लाजिरवाणीच होती.