हॉब्सनचा घोडा आणि एक वाक्प्रचारकोश

इंग्रजी वाक्प्रचारांचे मूळ सांगणारा हा ७५० रुपयांचा जाडजूड कोश मी महिनाभर वापरला. ‘हॉब्सन्स चॉइस’ची नोंद त्यात विशेष चांगली उतरली आहे: केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देणारा टॉमस हॉब्सन (मृत्यू १६३१) गिऱ्हाइकाला दारालगतचाच घोडा घ्यायला लावी, कारण निवड मोकळी ठेवली तर चांगलेच घोडे सतत राबून थकत, म्हणून या वाक्प्रचाराचा अर्थ ‘दोन्हीकडून पेच’ असा नसून ‘समोर आहे ते घ्या, नाहीतर रिकाम्या हाताने जा’ असा आहे, हा भेद कोशाने नेमका टिपला आहे. इंग्रज कवी मिल्टनने हॉब्सनच्या मृत्यूवर कविता रचल्या होत्या, त्यांचा उल्लेख मात्र राहून गेला आहे. टंक इतका बारीक की भिंग लागते, आणि पुठ्ठाबांधणी तर ‘एच’पर्यंत पोहोचण्याआधीच सुटली.