मांगा शिका, काम आम्ही देतो

टोकियोत, निशिकासाईत आम्ही मराठी बायका जमलो की 'घरबसल्या काय करता येईल' हा विषय निघतोच. माझा व्हिसा डिपेंडंट. वेगळी परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. चित्रकलेची आवड होती, मुलीबरोबर मांगांची, म्हणजे जपानी चित्रकथांची, पारायणंही झालेली. त्यामुळे 'मांगा शिका, मग शाई फिरवायचं, टोन लावायचं काम आमच्याकडूनच' ही जाहिरात दिसली (टोन म्हणजे सावलीसाठी चित्रावर चिकटवायचा ठिपक्यांचा कागद) आणि मी गळाला लागले.

फी १,९८,००० येन. 'दोन महिन्यांच्या कामात वसूल होईल,' फोनवरची बाई म्हणाली. ६०,००० बँकेतून भरले, बाकीचे कार्डावर दहा हप्त्यांत. रेसिडेन्स कार्डामागचा परवानगीचा शिक्का दाखवू का, असं मी विचारलं तर म्हणे, 'त्याची गरज नाही.' खरं काम देणारा माणूस आधी तेच बघतो. तिथेच शंका यायला हवी होती. नवऱ्याला मी पैसे भरल्यावर सांगितलं, तो भाग सोडून देते.

खोकं आलं. त्यात फिकट निळ्या रेषांचा बी४ कागद (या रेषा छपाईत उमटत नाहीत), जी-पेनची (शाईत बुडवायच्या टाकाची) निबं, शाई आणि टोनचे चार कागद. या 'व्यावसायिक संचा'चे फीमध्ये २८,००० धरले होते. पुढे शिंजुकूच्या सेकाइदो दुकानात बघितलं, तर हेच सगळं पाच-सहा हजारांत बसत होतं.

शिकवणी म्हणजे नुसते व्हिडिओ. पण मी मन लावून केलं हो! नव्या निबावर तेलाचा थर असतो, तो पुसल्याशिवाय शाई नीट उतरत नाही. दाबलं की रेषा जाड, हात उचलत नेला की केसासारखी बारीक. रोज जेवणं आटोपली की ओट्याशेजारी बसून शंभर रेषा.

कामाआधी 'पात्रता चाचणी'. एक पान पाठवायचं, तपासणीचे दर वेळी ३,३०० येन. शेरा यायचा, 'रेषेच्या टोकाला हात हलका होत नाही. सराव वाढवा.' सहा वेळा हेच. सातव्यांदा मी एकही रेषा काढली नाही. पानभर टोन चिकटवला आणि कटरच्या पात्याने खरवडून ढग केले. शेरा आला, 'रेषेच्या टोकाला हात हलका होत नाही.'

मग १८८ लावला, ग्राहकांची हेल्पलाइन. हे आकडे जपानीत 'इयाया' असे वाचतात, म्हणजे 'नको गं बाई'! तिथल्या बाईंनी सांगितलं, कामाचं आमिष दाखवून आधी शिकवणी किंवा सामान विकलं, तर करार २० दिवसांत रद्द करता येतो. आणि हे दिवस मोजायचे ते कायद्याप्रमाणे कागद हातात पडल्यापासून. माझ्याकडे फक्त एक ईमेल होती, म्हणजे मुदत सुरूच झाली नव्हती. त्यांच्या मदतीने नोटीस धाडली, कार्ड कंपनीला पत्र दिलं, उरलेले सात हप्ते थांबले. बँकेतून भरलेले ६०,००० मात्र गेले. दिलेला पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला.

हे सगळं झाल्यावर शेजारच्या मुलाकडून कळलं, की इथे फोन करून वेळ घ्यायची आणि आपली पानं थेट प्रकाशनाच्या संपादकाकडे न्यायची, अशी जुनी पद्धत आहे. 'मोचिकोमी' म्हणतात. संपादक समोर बसून वाचतो, चुका सांगतो, एक येन घेत नाही. आणि मांगाकाराकडे हाताखाली राहणाऱ्याला पगार मिळतो, त्याच्याकडून फी घेत नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. कंपनीचं नाव वेगळं, टोनऐवजी रंगकाम, फी २,४०,०००.