वजनावरून डोस : सूत्र, एकमान की युनिट कापणं?

नर्सिंगची नवीन बॅच वॉर्डला लागली की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, कॉलेजात सूत्र शिकवलंय, इथल्या सिस्टर वेगळंच करतात. आम्ही काय धरायचं?" सूत्र, एकमान (आधी एका एमएलचा हिशेब) आणि युनिट कापणं, तिन्ही पद्धतींनी उत्तर एकच येतं, त्यामुळे बरोबर कोणती हा वाद फुकाचा. रात्री अडीच वाजता, दोन पोरं रडत असताना आपली चूक आपल्यालाच कोणत्या पद्धतीत दिसते, एवढं बघायचं.

एकच पेशंट घेऊ. ८.५ किलोचं बाळ, अमिकासिन हे अँटिबायोटिक १५ एमजी पर केजी (दर किलो वजनाला १५ एमजी), दिवसातून एकदा. ८.५ गुणिले १५ म्हणजे १२७.५ एमजी. इथवर सगळ्यांचा रस्ता एकच. हातातली व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, २५० एमजीची, २ एमएल.

सूत्रवाली लिहिते: हवा तो डोस भागिले हातातला डोस, गुणिले एमएल.
१२७.५ ÷ २५० × २ = १.०२ एमएल.
एका ओळीत काम होतं, परीक्षेत मार्कही मिळतात. पण घाईत शेवटचं "गुणिले २" राहिलं तर ०.५१ येतं, आणि ०.५१ बघून कुणी दचकत नाही. दचकणार तरी कसं? ५०० एमजीची व्हायलही २ एमएलचीच असते, आणि तिच्यातून ०.५१ हेच बरोबर उत्तर आहे. काल स्टोअरमधून ५०० आल्या, आज २५० आल्या, की डोळ्याला कालचाच आकडा ओळखीचा वाटतो. १०० एमजीची व्हायलसुद्धा २ एमएलचीच. सूत्र यावर काही बोलत नाही. घालाल ते आकडे गिळतं आणि उत्तर देतं.

एकमानवाली आधी एकच गोष्ट काढते: १ एमएलमध्ये किती? २५० ÷ २ = १२५. मग १२७.५ ÷ १२५ = १.०२. दिसायला एक पायरी जास्त, पण १२५ समोर आलं की १२७.५ साठी एक एमएलच्या जरासं वर लागणार हे भागाकाराच्या आधीच कळतं. जुनी माणसं अशा प्रमाणाच्या हिशेबाला त्रैराशिक म्हणायची.

मी नवी असताना नेमकं ते "गुणिले" विसरले होते. इन्चार्ज सिस्टरांनी सिरिंज उजेडाला धरली आणि विचारलं, "एक एमएलमध्ये किती आहे गं?" मला सांगता आलं नाही. इंजेक्शन गेलं नव्हतं, एवढंच नशीब. तेव्हापासून व्हायल हातात आली की मी आधी एक एमएलचा आकडा पुटपुटते, आणि नवीन मुलींना मोठ्याने म्हणायला लावते.

डिस्चार्जच्या वेळीही हीच पद्धत कामाला येते. १२ किलोच्या पोराला पॅरासिटामॉल १५ एमजी पर केजीने १८० एमजी. १२५ चं सिरप, म्हणजे ५ एमएलमध्ये १२५, एक एमएलला २५, तर ७.२ एमएल. २५० चं असेल तर ३.६. ड्रॉप्समध्ये एक एमएललाच १००, म्हणजे १.८. आई विचारते, "सिस्टर, किती झाकणं?" आणि घरी आधीची ड्रॉप्सची बाटली पडलेली असते. तिने त्यातून ७.२ दिलं तर पोटात ७२० एमजी, चौपट. म्हणून एमएल सांगताना बाटली हातात घेऊनच सांगावं.

एकमान अडखळते ती ड्रिपवर, म्हणजे पंपाने तासनतास थोडंथोडं जाणाऱ्या औषधावर. १४ किलोचं मूल, डोपामिन (रक्तदाब टिकवायचं औषध) ५ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. इथे वजन आलं, मिनिटाचा तास आला, मायक्रोचं मिली आलं. कागदावर चार उत्तरं होतात आणि कुठला आकडा कशाचा ते हरवतं. इथे युनिट कापणंच बरं. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ८० एमजी भरलंय असं धरा:

५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट × १४ किलो × ६० मिनिट/तास × १ एमजी/१००० मायक्रोग्रॅम × ५० एमएल/८० एमजी

किलोने किलो कापा, मिनिटाने मिनिट, मायक्रो, एमजी. उरतं एमएल पर तास, आणि उत्तर २.६. साठ लिहायचं राहिलं तर शेवटी "एमएल पर मिनिट" शिल्लक राहतं आणि पंपावर तसं काही सेट होत नाही. चूक स्वतःच हात वर करते. "पर डे" आणि "पर डोस" चा घोळही असाच सापडतो: १०० एमजी पर केजी पर डे, चार वेळा विभागून, हे साखळीत लिहायचं तर दिवस कापायला "१ दिवस/४ डोस" लिहावंच लागतं. तोटा एकच, वेळ जातो. साध्या सिरपला कुणी एवढं लिहीत बसू नये.

आयसीयूमधल्या सिस्टर म्हणतील, आम्ही तर वजन गुणिले ३ करतो. बरोबर आहे. १४ किलोला ४२ एमजी ५० एमएलमध्ये भरलं की १ एमएल पर तास म्हणजे १ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. चालायला सुरेख. पण प्रत्येक बेडवरची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते, आणि अॅड्रिनलिनला हाच गुणक ०.३ असतो, तिथे ३ वापरला की दहापट. अमेरिकेत हॉस्पिटलांची तपासणी करून मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने हा असा वजनागणिक ड्रिप बनवण्याचा रिवाज मागे टाकून ठरलेल्या ताकदीच्या ड्रिपचा आग्रह धरला, तो यासाठीच. तुमच्या युनिटमध्ये कॉन्सन्ट्रेशन ठरलेलं असेल तर ३ चा गुणाकार विसरा. नसेल तर सिरिंजच्या लेबलवर एकूण एमजी आणि वजन दोन्ही लिहा.

वजनावर मात्र तिन्ही पद्धती डोळे मिटून विश्वास ठेवतात. वयाचं दुप्पट अधिक ८ या हिशेबाने तीन वर्षांचं मूल १४ किलोचं. मेळघाटातून आलेलं कुपोषित मूल काट्यावर १० भरलं, तर अमिकासिन २१० नाही, १५० एमजी. उलट टोकाला आठवी-नववीतला ४८ किलोचा मुलगा: सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक दिवसाला १०० एमजी पर केजीने ४.८ ग्रॅम येतं आणि दिवसाची कमाल ४ ग्रॅम आहे. युनिट कितीही सुबक कापलीत तरी हे साखळीत दिसत नाही, कमाल डोस वेगळाच बघावा लागतो.

तर माझं मत: इंजेक्शन-सिरपला एकमान, पंपाला युनिट कापणं, सूत्र पेपरात. फक्त दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना आपला कागद दाखवू नका. ट्रीटमेंट शीट, वजन आणि व्हायल तेवढी तिच्या हातात द्या आणि तिला तिच्या पद्धतीने काढू द्या. "१.०२ बरोबर आहे ना गं?" असं विचारलंत तर ती पोळीचा डबा उघडता उघडताच "हो" म्हणेल.