नदीप्रवाहाचा अंदाज : लवचिकता-गुणांक की पर्जन्य-प्रवाह प्रतिमान?

हवामान बदलल्यास नदीचा प्रवाह किती बदलेल, हे कोणत्या पद्धतीने काढावे, असा पेच नव्या अभ्यासकांना हमखास पडतो. लवचिकता-गुणांक म्हणजे पाऊस एक टक्का बदलल्यास प्रवाह किती टक्के बदलतो, ते सांगणारा आकडा; त्याला पाऊस व प्रवाहाच्या दीर्घ वार्षिक नोंदी पुरतात. गुणांक २ असेल, तर पाऊस १० टक्के घटल्यास प्रवाह सुमारे २० टक्के घटतो, कारण बाष्पीभवन पावसाच्या प्रमाणात कमी होत नाही आणि तुटीचा मोठा भार नदीवर पडतो. पूर किंवा उन्हाळी प्रवाहाविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. पर्जन्य-प्रवाह प्रतिमान, म्हणजे पावसावरून प्रवाह काढणारी गणिती मांडणी, हे दिवसागणिक दाखवते, पण त्याला दैनिक नोंदी व बरेच परिश्रम लागतात. शिवाय ओल्या वर्षांच्या नोंदींशी जुळवून घेतलेले प्रतिमान दीर्घ अवर्षणात प्रवाह फुगवून दाखवू शकते, हे आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या १९९७ ते २००९ च्या अवर्षणात ठळकपणे दिसले. कोरड्या वर्षांवर वेगळी पारख केल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. अनेक खोऱ्यांची ढोबळ तुलना करायची असेल, तर गुणांक घ्यावा. धरणातून पाणी कधी व किती सोडायचे हे ठरवायचे असेल, तर प्रतिमानच हवे.